धिंड काढून व्यसन सुटत नाही

ड्रग्जच्या प्रकरणांबद्दल 'पकडलेल्या पोरांची भर रस्त्यात धिंड काढा' असं एकाने म्हटलंय, ते मला अजिबात पटलं नाही. विकणारा आणि घेणारा एकच कसे? ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबई पोलिसांनी नाशिकजवळच्या शिंदे गावात एमडीचा (मेफेड्रोन या ड्रगचा) कारखानाच पकडला. तसल्यांना कुठलीही दयामाया नको. पण व्यसनात अडकलेल्याला कायदाही वाट देतो. एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम ६४-अ नुसार, सेवनाच्या किंवा अल्प मालाच्या गुन्ह्यात सापडलेला स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेत असेल तर खटल्यातून सूट मिळते. उपचार अर्धवट सोडले तर ती जाऊ शकते. नाशिकच्या सिडको-सातपूरमधल्या किती आईबापांना हे माहीत आहे? बदनामीच्या धाकाने ते पोराला गावी धाडतात, नाहीतर लग्न लावून देतात (त्यात दुसऱ्याची लेकही भरडली जाते). १४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. घरात कुणी असेल तर आजच फोन लावा.