सोसायटी हॉल: आवाज शोषणाऱ्या पॅनेलच्या कोटेशनबद्दल

बी-२०४: कोटेशनमध्ये आपला हॉल 'रेव्हर्बरंट' आहे असं लिहिलंय. म्हणजे एको येतो असंच ना?

ए-३०२: नाही ताई. एको म्हणजे शब्द सुटा, स्पष्ट परत ऐकू येणं. त्यासाठी आवाज जाऊन यायला साधारण ०.१ सेकंद लागायला हवा, म्हणजे भिंत ५५-५६ फुटांवर हवी. आपला हॉल ४० फुटांचा. इथं परतलेला आवाज चालू शब्दातच मिसळून घुमत राहतो. तो रेव्हर्बरंट.

सी-१०१: मग मोठा ॲम्प्लिफायर घेऊ की. हरिपाठाला मागं बसलेल्यांना काहीच कळत नाही.

ए-३०२: ते नका करू भाऊ. आवाज वाढवला की घुमणंही तेवढंच वाढतं, वर माइक शिट्टी मारतो.

डी-४०३: आधी बिनखर्चाचं करा. मिक्सरवरचा 'एको'चा नॉब शून्यावर. भजनाला वाढवलेला असतो, मीटिंगलाही तसाच राहतो. माइक तोंडापासून चार बोटांवर. स्पीकर समोरच्या भिंतीवर आवाज फेकतायत, ते बसलेल्यांकडं खाली वाकवा.

बी-२०४: थर्माकोल नाहीतर अंड्यांचे ट्रे लावले तर?

ए-३०२: थर्माकोलमध्ये हवा शिरत नाही, म्हणून आवाज जवळपास तसाच परततो. ट्रे वरच्या पट्टीतला थोडाफार खातात, पण लगेच पेटतात. माणसं बसणाऱ्या हॉलमध्ये नकोच. कापडात मढवलेलं २ इंची रॉकवूल, म्हणजे दगडी लोकर, घ्या.
आवाज विरायला किती सेकंद लागतात ते काढायचा सॅबिनचा हिशेब बघा: ४० × २६ × ११ म्हणजे ११,४४० घनफूट. त्याला ०.०४९ ने गुणायचं आणि हॉलच्या एकूण शोषणानं (भिंती, फरशी, माणसं मिळून किती आवाज खातात, त्यानं) भागायचं. रिकामा हॉल, नुसती फरशी आणि प्लास्टर, तर आवाज विरायला सुमारे ४ सेकंद. २०० चौरस फूट पॅनेल आणि ५० माणसं असली की जवळपास १ सेकंद. बोलणं कळायला तेवढं हवंच.

सी-१०१: पण वेरूळच्या १० नंबरच्या लेणीत घुमलेलं गोड लागतं की हो!

डी-४०३: कारण तिथं लोक सूर लांबवतात. लांब सूर मागच्या सुरात मिसळला तर भरदार होतो. बोलताना मात्र 'त', 'क', 'स' ही क्षणभराची व्यंजनं आधीच्या स्वराच्या शेपटाखाली दबतात. 'सात तारीख' की 'आठ तारीख', मागच्याला कळत नाही.

बी-२०४: पॅनेल कुठं लावायचे?

डी-४०३: मधोमध उभं राहून टाळी वाजवा. समोरासमोरच्या ज्या दोन भिंतींमध्ये 'टर्रर्र' येतं, त्यातल्या एकीवर, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीपासून वर. उरलेले मागच्या भिंतीला. पॅनेलच्या मागं १ इंच पोकळी सोडली तर खर्जातला आवाजही जास्त शोषला जातो.

ए-३०२: आणि ताई, कोटेशनमध्ये जाडी लिहिलेलीच नाही. ती लिहून घेतल्याशिवाय ॲडव्हान्स देऊ नका. अर्ध्या इंचाचा फोम चिकटवला तर पुरुषी आवाजाचा घुमारा तसाच राहील.