दुसऱ्याच्या पोटात बसवलेलं हृदय स्वतःच्या जनुकावर टिकतं?

सातारी_कंदी:
एमएस्सी बायोटेकला आहे, पुढच्या आठवड्यात जर्नल क्लबला १९९८ चा एक पेपर मांडायचाय, हीम ऑक्सिजनेज-१ (एचओ-१) या जनुकावरचा. माऊसचं हृदय रॅटमध्ये बसवलंय (माऊस छोटा, रॅट मोठा, पण मराठीत दोघंही उंदीरच, आईला समजावताना घाम फुटला). रॅटला सायक्लोस्पोरिन आणि नागाच्या विषातला कोब्रा व्हेनम फॅक्टर (दोन्ही त्याच्या इम्युन सिस्टीमला दाबायला) दिला की हृदय मस्त टिकतं, पण ज्या माऊसचं हृदय घेतलं त्याच्यात हे जनुकच नसेल तर औषधं तीच, रॅट तसाच आणि तरी ३ ते ७ दिवसांत खेळ खल्लास. अहो पण हल्ला रॅटची इम्युन सिस्टीम करते ना, मग हृदयाच्या जनुकाचा काय संबंध? आणि हृदय चालू आहे का बंद हे रोज कसं बघतात, रोज फाडून तर नाही ना बघत?

पेशीपुराण:
तोच तर पेपरचा मुद्दा आहे रे. आपण धरूनच चालतो की अवयव म्हणजे बिचारा मुकाट मार खाणारा. तसं नसतं, रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर मार बसायला लागला की स्वतःची जनुकं चालू करतं, आणि जनुक असणं वेगळं, ते वेळेवर चालू होणं वेगळं, एक्स्प्रेशन म्हणतात ते हेच. बोस्टनच्या फ्रिट्झ बाख यांच्या ग्रुपचा सगळा भर यावर होता, पेशीला वाचवणारी जनुकं, ए२०, बीसीएल-२ आणि हे तुझं एचओ-१.

या जनुकापासून बनणारं एन्झाइम करतं काय तर हीम, म्हणजे रक्ताला लाल रंग देणारा लोहवाला रेणू, तोडतं. गुडघा आपटला की काळानिळा डाग पडतो, मग हिरवट होतो, मग पिवळा, बघितलंयस ना? तो हिरवा रंग बिलिव्हर्डिनचा, याच एन्झाइमची करामत, पुढे त्याचं बिलिरुबिन झालं की पिवळा. सोबत लोह सुटतं आणि थोडासा कार्बन मोनॉक्साइड. हो, बंद बाथरूममध्ये गॅस गिझरमुळे माणसं जातात तोच वायू! पण पेशीत चिमूटभर असला की रक्तवाहिन्या सैल ठेवतो, प्लेटलेट्सच्या गुठळ्या होऊ देत नाही, अस्तराच्या पेशी मरू देत नाही.

बोटावर_टाका:
फाडून कशाला बघतील 😀 माझ्या पीएचडीच्या लॅबमध्ये शेजारच्या टेबलवर हेच चालायचं. उंदराचं स्वतःचं हृदय छातीत तसंच चालू ठेवतात, दुसरं पोटात जोडतात, त्याची महाधमनी पोटातल्या महाधमनीला आणि फुफ्फुसाकडे जाणारी धमनी महाशिरेला, सगळं मायक्रोस्कोपखाली, धागा केसाहून बारीक. मग रोज सकाळी उंदीर हातात घ्यायचा आणि दोन बोटं पोटावर ठेवायची, टकटक लागते. ती मंद होत गेली की समजायचं, आणि ज्या दिवशी काहीच लागत नाही तो दिवस वहीत लिहायचा. पेपरातले ३ ते ७ दिवस म्हणजे कुणीतरी असं बोटांनी मोजलेत.

कट्ट्यावरचा_काका:
उंदरात काय, सगळंच जमतं. मोठ्या प्राण्यात दाखवा मग बोलू.

पेशीपुराण:
काका, २०२३ चं घ्या. डुकराच्या किडन्या मकाक माकडांत. डुकराच्या पेशीवरच्या ज्या ३ साखरा माकडाला खुपतात त्या फक्त काढल्या तेव्हा निम्मी माकडं २४ दिवसांच्या पुढे गेली नाहीत, त्यावर माणसाची ७ जनुकं घालून ती चालूही राहतील असं केलं तर तोच आकडा १७६ दिवसांवर गेला, एक माकड तर ७५८ दिवस जगलं. आणि त्या ७ मध्ये कोण आहे बघा, ए२० आणि एचओ-१!!

सातारी_कंदी:
बाप रे, ही स्लाईड पक्की. पण सर एक विचारणारच, जनुक नसलेले माऊस मुळात अशक्त असतात, अॅनिमिक वगैरे, मग हृदयच आधीपासून खराब असेल तर?

पेशीपुराण:
शाब्बास, प्रश्न बरोबर आहे. त्याच ग्रुपचा २००१ चा पेपर काढ. तिथे हृदय धडधाकट माऊसचं, फक्त टिन प्रोटोपोर्फिरिन देऊन एन्झाइमचं काम अडवलं, परत तेच ३ ते ७ दिवस. आणि मग प्राण्यांना हवेतून कार्बन मोनॉक्साइड दिला तर एन्झाइम अडवलेलं असूनही हृदय टिकलं.

बोटावर_टाका:
फक्त एक, ते टिन प्रोटोपोर्फिरिन रॅटला टोचतात, म्हणजे रॅटचं स्वतःचं एन्झाइमपण अडतं, मग सगळं हृदयाच्या एन्झाइममुळेच झालं असं एवढ्यावरून म्हणता येत नाही. सरांनी पकडायच्या आधी तूच सांगून टाक.