डेटाबेसवाले मूळचे कुठून आले? आपापला प्रवास लिहा

निळीपाटी :
परवा जेवायच्या सुट्टीत टीममधल्या नवीन मुलीने विचारलं, ताई, डीबीए (डेटाबेस सांभाळणारा) व्हायचं तर नेमकं काय शिकून यावं लागतं, आणि टेबलावर आम्ही सात जण होतो तर सात वेगळी उत्तरं आली. कॉम्प्युटर इंजिनिअर दोघंच. बाकी कोणी बी.कॉम., कोणी फिजिक्स, एकजण तर हॉटेलच्या रिसेप्शनवरून आलेला. मी स्वतः पुण्यात स्टॅटिस्टिक्समध्ये एम.एस्सी. केलं, २००३ ला ओरॅकल ९आय ह्या डेटाबेसवर ट्रेनी म्हणून लागले आणि पहिले सहा महिने रडकुंडीला आले होते, युनिक्स ह्या ऑपरेटिंग सिस्टिमचं ओ की ठो कळायचं नाही. मग एक दिवस एक क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) पाऊण तास चाललेली, सीनियर लोक इंडेक्स (ओळी पटकन शोधायची सूची) बघत बसलेले, आणि मला दिसलं की स्टेटसच्या कॉलममध्ये जवळपास सगळ्या ओळी 'बंद' आहेत, 'चालू' अगदी मूठभर, आणि क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा ऑप्टिमायझर मात्र दोन्ही निम्मे-निम्मे धरून चाललाय. हे तर आमचं वर्गातलं वितरण! हिस्टोग्राम, म्हणजे कुठली किंमत किती ओळींत आहे ह्याची नोंद, काढला, क्वेरी काही सेकंदांत आली. त्या दिवसापासून मी ह्या कामाची झाले.

ओरॅकल, डीबी२, एसक्यूएल सर्व्हर, पोस्टग्रेस, कशावरही काम करत असाल तर लिहा, आधी काय करत होतात आणि त्यातलं काय आज कामाला येतं. सविस्तर लिहा, मला ते तिला वाचायला द्यायचंय.

कृष्णाकाठ :
मी १९९३ चा बी.कॉम. सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात अकाउंटला लागलो. ऊस बिलं फॉक्सप्रो ह्या डेटाबेस प्रोग्रामवर निघायची, पंधरवड्याला. गाळप हंगाम जोरात, काट्यावर ट्रॅक्टरची रांग, आणि लाईट गेली की इंडेक्स फाईल खराब. लाईट आल्यावर प्रोग्राम चालू व्हायचा, एरर काही नाही, पण शेतकऱ्याचा नंबर टाकून शोधलं तर चार खेपांतल्या तीनच दिसायच्या. ओळ डीबीएफमध्ये, म्हणजे मूळ डेटाच्या फाईलमध्ये, असायची, इंडेक्समध्ये नसायची. एकदा एक म्हातारे मामा वजनपावत्या रुमालात बांधून घेऊन आले, म्हणाले, आरं बाळा, माझी एक खेप कुठं गेली? रात्रभर बसून पावत्या आणि डीबीएफ एकेक करून ताळा केला. नुसतं रीइंडेक्स करून भरवसा धरायचा नाही, जुनी इंडेक्स उडवून नव्याने बांधायची, हे तिथं शिकलो.

मग २००१ ला पुण्यात ओरॅकलचा क्लास लावला. सर रीडू लॉग (डेटाबेसमधल्या प्रत्येक बदलाची नोंद) समजावत होते, वर्गातली इंजिनिअर पोरं गोंधळलेली, आणि मला एका क्षणात कळलं, अरे ही तर रोजकीर्द! व्यवहार झाला की आधी रोजकीर्दीत नोंद, तीही क्रमाने, मग सवडीने खतावणी. डेटाफाईल म्हणजे खतावणी. खतावणी जळाली तरी मागची शिल्लक आणि तिथपासूनची रोजकीर्द शाबूत असेल तर सगळं पुन्हा उभं करता येतं, रिकव्हरी म्हणजे दुसरं काय? कमिट, म्हणजे बदल पक्का कर, म्हटलं की रीडूमध्ये लिहिल्याशिवाय डेटाबेस 'झालं' म्हणत नाही, डेटाफाईलमध्ये नंतर जातं. तुमच्या त्या मुलीला सांगा, एक महिना कुठल्याही दुकानात हिशेब लिही, आर्काइव्ह लॉग, म्हणजे रीडूच्या जपून ठेवलेल्या प्रती, का सांभाळायचे ते परत विचारायला लागणार नाही.

टायट्रेशन :
तारापूरला औषधांच्या क्यूसी (गुणवत्ता तपासणी) लॅबमध्ये सहा वर्षं काढली. तिथला पहिला नियम, लिहिलेलं खोडायचं नाही. चुकलं तर एकच आडवी रेघ, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी बरोबर आकडा, सही, तारीख, कारण. व्हाइटनर लॅबमध्ये आणायलाच बंदी. लॅबचं सॉफ्टवेअर ओरॅकलवर आलं तेव्हा ऑडिट ट्रेल (कोणी, कधी, काय बदललं त्याची नोंद) तपासायला मला बसवलं आणि तिथून मी इकडे सरकले. आज प्रॉडक्शनवर, म्हणजे रोजच्या खऱ्या कामाच्या डेटाबेसवर, दोन ओळींचा अपडेट असला तरी आधी त्या ओळी बाजूच्या टेबलात कॉपी, स्पूल (स्क्रीनवरचं सगळं फाईलमध्ये उतरवणं) चालू, किती ओळी बदलणार तो आकडा कागदावर, मग अपडेट, आकडा जुळला तरच कमिट. नवीन मुलं म्हणतात मॅडम वेळ जातो. जाऊ दे.

तीनफेज :
इलेक्ट्रिकल डिप्लोमा, चंद्रपूर. कॉन्ट्रॅक्टरकडे सबस्टेशनच्या मेंटेनन्सवर होतो. लाईन क्लिअर (लाईन बंद केल्याची परवानगी) घेतल्याशिवाय, अर्थिंग केल्याशिवाय तारेला हात लावायचा नाही, आणि समोरच्याने फोनवर फीडरचं नाव सांगितलं की आपण ते परत म्हणून दाखवायचं. डीबीए झालो आणि हे विसरलो. २०११, रात्री दोनला पॅचिंग (सॉफ्टवेअरच्या दुरुस्त्या बसवणं), चार काळ्या खिडक्या उघड्या, टेस्ट समजून शटडाऊन मारलं आणि ते प्रॉडक्शन होतं. बावीस मिनिटं बिलिंग बंद. मला आठवडाभर झोप लागली नाही. तेव्हापासून प्रॉडक्शनची खिडकी लाल, आणि बंद करायच्या आधी होस्टचं (मशीनचं) आणि इन्स्टन्सचं (त्यावर चालू असलेल्या डेटाबेसचं) नाव क्वेरी मारून काढतो, मोठ्याने वाचतो, कॉलवरचा दुसरा माणूस परत म्हणतो, मगच एंटर.

जर्सीसिटी :
१९९८, मुंबईतलं सीप्झ, मेकॅनिकल इंजिनिअर. तीन महिने कोबोल आणि डीबी२ चं ट्रेनिंग आणि थेट वायटूके, म्हणजे २००० साल लागताना तारखा चुकू नयेत म्हणून दोन आकडी वर्षाचे रकाने शोधायचे. मेकॅनिकलचं काही उपयोगी पडलं का, तर खरं सांगायचं तर नाही. जे आलं ते सीनियर मॅडमच्या शेजारी रात्रपाळ्या काढून आलं.

गणितबाई :
ठाण्यात सहा वर्षं शाळेत गणित शिकवलं, मुलगी झाल्यावर सोडलं, आणि ३६ व्या वर्षी एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा, शिकायला बसले. नातेवाईक म्हणाले झेपणार नाही. पुस्तक उघडलं तर संच, छेद, संयोग, अहो हे तर नववीचं! नंतर वाचलं की १९७० ला आयबीएममध्ये असताना रिलेशनल मॉडेल (डेटा तक्त्यांत मांडायची पद्धत) मांडणारे एडगर कॉड स्वतः ऑक्सफर्डला गणित आणि रसायनशास्त्र शिकलेले, महायुद्धात विमान चालवलेले. फार धीर आला मला त्याने.

माझं पहिलं मोठं काम, एका रिपोर्टमध्ये ऑर्डर न दिलेल्या ग्राहकांची यादी रिकामी यायची. 'नॉट इन' (ह्या यादीत नसलेले) लिहिलेलं, आणि आतल्या यादीत एकच नल. नल म्हणजे शून्य नाही, 'माहीत नाही'. माहीत नसलेल्याशी तुलना केली की उत्तरही 'माहीत नाही', म्हणून एकही ओळ पुढे जात नाही. 'नॉट एक्झिस्ट्स' (अशी ओळच नाही) करून दिलं, यादी आली. फळ्यावर समजावावं तसं सगळ्या टीमला समजावलं, आणि तिथे शिक्षिका असण्याचा पुरेपूर उपयोग झाला.

निळीपाटी :
सगळ्यांचे मनापासून आभार, उद्याच प्रिंट काढते. कृष्णाकाठ दादा, त्या मामांची खेप सापडली का?

कृष्णाकाठ :
सापडली ना. पहाटे चारच्या सुमारास. दोन ट्रॉल्या होत्या, लाईट गेली त्याच वेळेला काट्यावरून उतरलेल्या. पुढच्या पंधरवड्याच्या बिलात लावली आणि मामा पेढे घेऊन आले होते.