काका आणि बादलीतलं विसर्जन

गणपती विसर्जनावरून काका घाटावर लोकांशी हुज्जत घालायचे असं म्हणतात, ते खरं, पण सुरुवातीच्या काळापुरतंच. पुण्यातल्या एनसीएलनं (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) आणि महापालिकेनं घरीच बादलीत मूर्ती विरघळवायची अमोनियम बायकार्बोनेटची पद्धत आणली, तेव्हापासून ते घाट सोडून घरोघरी जायला लागले. प्लास्टरची मूर्ती असेल तर साधारण तिच्या वजनाइतकी पावडर, मूर्ती बुडेल इतकं पाणी, आणि अधूनमधून ढवळायचं. लहान मूर्ती दोनेक दिवसांत विरघळते. तळाशी खडूसारखा साका उरतो, तो कॅल्शियम कार्बोनेटचा. वरच्या पाण्यात अमोनियम सल्फेट, म्हणजे चक्क खत. ते पातळ करून सोसायटीतल्या झाडांना घालायची सवय आम्हाला काकांनीच लावली. वास मात्र डोळ्यांतून पाणी काढणारा! "बादली गॅलरीतच ठेवा" हे ते जिना उतरता उतरता पुन्हा ओरडून सांगायचे.

आणि त्यांना पर्यावरणवादी वगैरे म्हणू नका हो, चिडले असते. दोन्ही वेळा आरती, अथर्वशीर्षात कुणी चुकलं की तिथेच थांबवणार. बादलीतलं विसर्जन एखाद्या आजींच्या जिवावर आलं, तर आधी उत्तरपूजा यथासांग करवून घ्यायचे आणि मगच पावडरची पिशवी फोडायचे.