पहाटे पाचचा जिना

दादा २०२ (५:१४): सगळ्यांना नमस्कार. आज नववा दिवस. पहाटे पाचला जिन्यात धप धप धप, खालून गच्चीपर्यंत आणि परत खाली. मी रात्रपाळीहून दोनला येतो. आई रात्रभर कण्हते, चारनंतर कुठं तिचा डोळा लागतो. कोण आहे ते सगळ्यांना माहीत आहे, म्हणून नाव घेत नाही. कृपया.

नाना ३०१ (५:४०): नाव घ्या ना दादा, मीच तो. आईंच्या झोपेचं मला खरंच माहीत नव्हतं, माफ करा. पण मे महिन्यात आपल्या धुळ्यात सातनंतर चालायचं कुठं? निघायला २४ दिवस उरलेत. २०२० ला बंद पडलेली कैलास यात्रा २०२५ ला उघडली. मी ६८ वर्षांचा. सत्तरीनंतर अर्जच घेत नाहीत. सोडतीत माझं आणि जिजीचं नाव निघालं त्या दिवशी देवघरात बसून रडलो मी.

मामी १०३ (५:५२): 🙏 हर हर महादेव 🙏 कैलासाला जाणाऱ्यांनी कापराची वडी रुमालात बांधून सतत हुंगत राहावी. ऑक्सिजन लगेच वाढतो. सर्वांना पाठवा.

जिभाऊ ४०२ (६:१०): नाना, पाठवरनी पिशवीमां काय शे?

नाना ३०१: आठ किलो दादर ज्वारी. नातवाच्या जुन्या दप्तरात.

जिभाऊ ४०२: ती दादर मन्ही शे! भाकरीले ठेवेल व्हती 😄

सेक्रेटरी आबा १०१ (६:३०): सर्व सभासदांस विनंती. जिना सामायिक आहे. व्यायाम सकाळी ६ नंतर करावा. तसेच टँकरची वर्गणी पाच जणांची बाकी आहे.

४०१ वहिनी: आबा, लिफ्ट तीन महिने बंद आहे. चौथ्या मजल्यावर पाण्याचे जार चढवून आमची तर आपोआपच कैलासाची तयारी झाली. वर्गणी नंतर मागा.

सेक्रेटरी आबा: लिफ्टचा विषय सर्वसाधारण सभेत झालेला आहे. पुन्हा उकरू नये.

४०१ वहिनी: सभेत फक्त चहा झाला.

बापू ३०२ (७:०५): लिफ्ट राहू द्या. नाना, एक विचारतो. बीपीची गोळी चालू आहे का?

नाना ३०१: बापू, हा विषय इथं काढायचं कारण नव्हतं.

बापू ३०२: कारण आहे. परवा ओट्यावर तुम्हीच म्हणालात, १२ दिवस झाले गोळी सोडली. यात्रेआधी दिल्लीत होणाऱ्या तपासणीत रक्तात सापडायला नको म्हणून. मी दोन रात्री झोपलो नाही.

जिजी ३०१: काय?? १२ दिवस??

मामी १०३ (७:१२): 🙏 कापराची वडी रुमालात बांधून सतत हुंगत राहावी. ऑक्सिजन लगेच वाढतो.

नाना ३०१ (७:२०): झालं समाधान? अस्तंब्याचा डोंगर सतरा वेळा केला मी. धनत्रयोदशीच्या रात्री अनवाणी चढलोय. वणीच्या गडाला चैत्रात पायी जातो, एक फोड येत नाही. मला काय होतंय?

डॉक्टरताई २०४ (७:४५): नाना, दवाखान्यात निघालेय, पण हे लिहूनच जाते. पायांचा प्रश्नच नाही, तुमचे पाय माझ्यापेक्षा चांगले आहेत. अस्तंबा दीड हजार मीटरच्या आतला. मानसरोवरच साधारण ४५९० मीटरवर आहे आणि परिक्रमेत डोल्मा खिंड लागते ती ५६३० मीटरची. तिथं हवेचा दाब इथल्या निम्मा, म्हणजे एका श्वासात प्राणवायूही निम्माच. आपण धुळ्यात अडीचशे मीटरवर बसलोय. जिना कितीही चढा, दम वाढेल, पण त्या हवेची सवय इथं लागत नाही. ती वर हळूहळू गेल्यानंच लागते. म्हणून वाटेतल्या गुंजी गावाला मुक्काम ठेवतात आणि तिथं परत तपासणी करतात. साधा हिशेब सांगते. ३००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा रोज ५०० मीटरपेक्षा जास्त उंच नको. आणि विरळ हवेचा हा त्रास वयावर, ताकदीवर नाही. पंचविशीतला पैलवानही आडवा होतो.

बीपीचं ऐका. थंडीत आणि उंचीवर ते तसंही चढतं. त्यात गोळी बंद! आज संध्याकाळी सात वाजता माझ्याकडे यायचं. जिजींनाही घेऊन या.

डॉक्टरताई २०४: आणि मामी, कापरानं नाक मोकळं वाटतं, ऑक्सिजन वाढत नाही. कोणी त्याच्या भरवशावर राहू नका, हात जोडते.

मामी १०३: आमच्या भावजयीच्या बहिणीला फरक पडला होता. ज्याची त्याची श्रद्धा.

बापू ३०२ (८:०२): मला लिहिता नीट येत नाही, पण लिहितो. अमरनाथचं सगळ्यांना माहीत आहे, पण अर्धंच. शेषनागच्या तंबूत रात्री डोकं फुटायला आलं होतं, दोनदा उलटी झाली. मी बाहेर जाऊन करून आलो, वर बर्फ ढकलला आणि गुपचूप झोपलो. वाटलं, सांगितलं तर हे लोक मला खाली पाठवतील. दुसऱ्या दिवशी महागुणस खिंडीत माझे पाय दारू प्यायल्यासारखे पडायला लागले. समोरचा माणूस नाना आहे हे मला ओळखता येईना. नानांनी स्वतःची घोंगडी काढून मला गुंडाळलं, घोड्यावर बांधलं आणि खाली आणलं. गुहा एका दिवसावर होती, नानांनी दर्शन सोडलं. माझ्यासाठी. नाना, तुम्ही त्या दिवशी मला काय म्हणालात आठवतं? "सांगितलं का नाहीस?" आता मी तेच विचारतोय.

जिभाऊ ४०२: 🙏

दादा २०२ (८:२०): नाना, मला हे काही माहीत नव्हतं. मी फक्त आवाजाबद्दल बोललो होतो.

धाकटा ३०१, पुणे (९:१०): मी आत्ता वाचतोय. बाबा, फोन उचला. पुण्यात बसून मला हे सोसायटीच्या ग्रुपवर कळावं? आईचं अर्ध सामान मी ऑनलाइन मागवलं आणि कोणी एका शब्दानं बोललं नाही.

सेक्रेटरी आबा १०१: कौटुंबिक विषय कृपया वैयक्तिक संदेशात. आणि वर्गणी.

४०१ वहिनी: आबा, आता नको हो.

मामी १०३ (९:३०): 🙏 कापराची वडी रुमालात बांधून

४०१ वहिनी: मामी 🙏🙏

जिजी ३०१ (११:४५): चुलीवर मांडे टाकायचे सोडून लिहिते आहे. यांच्या पेटीत गोळ्यांचं पाकीट सापडलं. रुद्राक्षाच्या माळेखाली. दहातल्या सहा तशाच. माणूस रोज सकाळी माझ्यासमोर पाण्याचा पेला घेऊन "घेतली" म्हणत होता. दिल्लीत नाही म्हणाले तर आपण दोघं घरी परत येऊ. मी एकटी पुढं जाणार नाही आणि त्याचं मला दुःखही होणार नाही. पण तिकडे खिंडीत तुम्हाला काही झालं तर मी कोणाच्या तोंडाकडे बघू?

डॉक्टरताई २०४ (१:१५): जिजी, घाबरू नका. आटोक्यातल्या बीपीचं काय करायचं ते दिल्लीतले डॉक्टर ठरवतील. आपण सगळे कागद खरे द्यायचे. उंचीवरच्या त्रासाची गोळीही मी बघून सांगेन. नाना, सल्फाच्या औषधानं पूर्वी अंगावर पुरळ आलं होतं का ते आठवून ठेवा. दुसऱ्याचं बघून घ्यायची गोळी नाही ती.

बापू ३०२: अजून एक. नवे बूट घातले का? का खोक्यातच आहेत?

जिजी ३०१: खोक्यात. देवासमोर ठेवलेत. हळद-कुंकू लावलंय.

बापू ३०२: आजपासून घाला म्हणावं. टाचेला फोड यायचा तो इथं येऊ दे.

जिभाऊ ४०२: नाना, काही बोला ना भो. सकाळपशी गप्प शेतस.

नाना ३०१ (८:५०): ताईंकडून आलो. १६४/९८ निघालं. गोळी त्यांच्यासमोर घेतली. तपासणीच्या अर्जात बीपी लिहिलं आणि खाली सही केली. सही करताना हात थरथरत होता, खोटं कशाला सांगू. बापू, तू वाईट केलं नाहीस. सकाळी राग आला होता. दादा, आईंना सांगा, उद्यापासून जिना बंद. ताईंनी आठवडाभर चढायचं नाही म्हणून सांगितलंय, फक्त नकाण्याच्या तलावावर सपाट चालायचं. पावणेसहाला गाडी काढतो, दोन जागा आहेत.

बापू ३०२: एक माझी.

दादा २०२: उद्या सुट्टी आहे, मीही येतो. दप्तर मी घेतो.

जिभाऊ ४०२: दप्तर ल्या, दादर ठेवी द्या.