फॉर्म्युला वन नाही, तरी केइची त्सुचियाचं नाव अजून का घेतात?

चाकोरी: जपानी रेसर सातोरू नाकाजिमा फॉर्म्युला वनमध्ये पाच मोसम धावला. दुसरा जपानी रेसर त्सुचिया एकही नाही. तरी जगभरातली पोरं 'ड्रिफ्ट किंग' (ड्रिफ्ट म्हणजे गाडी घसरवत वळण घेणं) म्हणून त्सुचियालाच ओळखतात. फक्त 'इनिशियल डी' या घाटातल्या गाड्यांच्या शर्यतींवरच्या मांगामुळे (जपानी चित्रकथा) का?

पिस्टन_रिंग: नाही. ती मांगा 1995 मध्ये सुरू झाली. घाटरस्त्यावर टोयोटाची एई86 गाडी आडवी नेणारा त्याचा 'प्लस्पी' व्हिडिओ 1987 चा. पुढे तिच्यावरच्या अ‍ॅनिमेला (कार्टून मालिका) गाड्यांबाबतचा सल्लाही त्यानेच दिला. आणि ट्रॅकवरची कामगिरीही भक्कम आहे. 1995 च्या ल माँला (फ्रान्समधली 24 तासांची शर्यत) होंडा एनएसएक्समधून जीटी2 गटात पहिला, सोबत कुनिमित्सु ताकाहाशी आणि आकिरा इइदा. 1999 ला टोयोटा जीटी-वनमधून एकूणात दुसरा. त्या शर्यतीत शेवटच्या तासात पहिल्या नंबरच्या बीएमडब्ल्यूला गाठत असताना टायर फुटला. स्टिअरिंगवर तेव्हा उक्यो कातायामा होता.

ड्रिफ्ट त्याने शोधून काढलं असं मात्र लिहू नका. ताकाहाशी 1970 च्या दशकातच गाडी घसरवत वळणं घ्यायचा, आणि त्सुचिया ते पाहून शिकला.

घाटमाथा: माझ्या मते खरं कारण ती एई86 गाडी. 1587 सीसीचं 4ए-जीई इंजिन, कागदावर 130 पीएस (अश्वशक्ती), मागच्या चाकांना ताकद. एवढ्यात नुसता अ‍ॅक्सिलरेटर दाबून वेगात मागची बाजू सुटत नाही, वजन हलवावं लागतं. सरळ रेषेतच जोरात ब्रेक मारायचा म्हणजे भार पुढे येऊन मागची चाकं हलकी होतात. ब्रेकवर पाय असतानाच टाचेने अ‍ॅक्सिलरेटरला ठोका देऊन तिसऱ्यावरून दुसऱ्या गिअरवर यायचं. ब्रेक पूर्ण सुटायच्या आत स्टिअरिंग वळणाकडे. मागची बाजू सुटली की लगेच उलटं स्टिअरिंग, आणि अ‍ॅक्सिलरेटरने कोन धरून ठेवायचा.

चुका बहुतेक दोन. आत येताना वेग कमी पडला तर टायर मध्येच पकड घेतात आणि गाडी सरळ होते. दुसरी जास्त धोक्याची: उलटं स्टिअरिंग वेळेत परत आणलं नाही तर मागची बाजू झटक्यात विरुद्ध दिशेला जाते. लिमिटेड स्लिप डिफरन्शियल (एकच चाक नुसतं फिरू न देता दोन्ही मागच्या चाकांना ताकद पोचवणारा भाग) नसेल तर आतलं चाक नुसतं फिरत राहतं. धूर निघतो, गाडी घसरत नाही.

हे सगळं त्सुचिया 'बेस्ट मोटरिंग' या जपानी गाड्यांच्या व्हिडिओ मासिकात चालवता चालवता बोलून सांगायचा. जुन्या, स्वस्त गाडीत ते करून दाखवल्यामुळे बघणाऱ्याला 'आपल्यालाही जमेल' असं वाटलं.

चाकोरी: आपल्याकडच्या हॅचबॅकमध्ये जमेल?

घाटमाथा: बहुतेक सगळ्या पुढच्या चाकांवर चालतात. हँडब्रेक ओढून मागची बाजू क्षणभर सुटेल, पण अ‍ॅक्सिलरेटर दिला की पुढची चाकं गाडीला सरळ खेचतात. आणि चालू घाटात कृपया नकोच, समोरून एसटी येते. त्सुचियानेही 2001 मध्ये दाइजिरो इनादासोबत डी1 ग्रां प्री ही ड्रिफ्टची मालिका उभी केली ती बंद ट्रॅकवरच्या स्पर्धेसाठी.