सांडपाण्याचा सुकलेला गाळ वावरात टाकू का? खाली विहीर आहे

वावर_कळमेश्वर
नमस्कार मंडळी. कळमेश्वरकडे आमचं काळं वावर आहे. दोन एकर पऱ्हाटी म्हणजे कापूस, एकरभर पालक, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर. भाजी सगळी नागपूरच्या कॉटन मार्केटला जाते. एक ट्रॅक्टरवाला सांडपाणी प्रक्रियेचा सुकलेला गाळ नुसत्या भाड्यात टाकून देतो म्हणते. शेणखत आता परवडत नाही. पण गाळात शिसं, कॅडमियम राहते असं ऐकलं. ते पावसात धुऊन जाईल, की विहिरीत उतरेल?

निवृत्त_माती_प्रयोगशाळा
भाऊ, धुऊन जात नाही आणि सहसा विहिरीपर्यंतही पोचत नाही. बहुतेक सगळं वखराच्या थरातच बसून राहतं, आणि मला काळजी त्याचीच आहे.

आपल्या काळ्या मातीत चिकण भरपूर, चुनखडी, पीएच ८ च्या आसपास, म्हणजे आम्लाच्या उलट बाजूची. शिसं वरच्या वीतभर थरात पक्कं अडकतं. कॅडमियम, जस्त आम्ल जमिनीपेक्षा पुष्कळ कमी हलतात. तांबं आणि निकेल मात्र वाट काढतात. गाळ अर्धवट कुजलेला असला की त्यातून कोऱ्या चहासारखं तपकिरी पाणी सुटतं. त्यात विरघळलेल्या सेंद्रिय पदार्थाला धरून हे धातू खाली सरकतात. त्यात मे महिन्यात वावराला हात जाईल एवढ्या भेगा. गाळ तसाच पसरलेला असताना मृगाचा पाऊस कोसळला, तर पाणी भेगेतून थेट खाली. मातीला धातू धरायला वेळच मिळत नाही.

आता हिशेब करा. खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टला कॅडमियमची मर्यादा किलोला ५ मिलिग्रॅम, शिशाची १००. माल बरोबर मर्यादेवर असला आणि एकरी ४ टन टाकला, तर २० ग्रॅम कॅडमियम आणि ४०० ग्रॅम शिसं वावरात गेलं. वरच्या १५ सेंटिमीटरमध्ये सुमारे ८ लाख किलो माती असते, म्हणून एका वर्षाला किरकोळ वाटतं. पण सेंद्रिय भाग कुजून संपतो, धातू तिथंच राहतो आणि दरवर्षी त्यावर भर पडते. तुमचा गाळ तर या मर्यादेत आहे की नाही, हेही कोणी पाहिलेलं नाही.

पारडीकर
आमच्याकडे नाग नदीच्या पाण्यावर वर्षानुवर्षं भाजी होते. पालक हिरवागार. झाडाला काही होत नाही तर भ्यायचं कशाला?

निवृत्त_माती_प्रयोगशाळा
झाडाला होत नाही, हाच तर घोर आहे. जस्त, तांबं, निकेल फार वाढलं की आधी झाड पिवळं पडतं, खुंटतं, शेतकऱ्याला कळतं. कॅडमियम खाणाऱ्याला अपाय होईल इतकं पानात साठलं तरी पालक टवटवीतच दिसतो. पालेभाज्या ते दाण्या-फळांपेक्षा जास्त ओढतात. माणसाच्या मूत्रपिंडात ते साठतं आणि कित्येक वर्षं निघत नाही. कळमेश्वरवाले भाऊ, भाजीच्या एकरात हा गाळ टाकूच नका.

वावर_कळमेश्वर
पऱ्हाटीत चालेल काय? पण सरकीची ढेप गाईला जाते जी. आणि विहिरीचं पाणी आम्ही पितो.

निवृत्त_माती_प्रयोगशाळा
सरकीत पानापेक्षा कमी जातं, तरी तपासल्याशिवाय तिथंही नको. ढिगाच्या आतून चार-पाच जागचा गाळ घेऊन एकत्र करा. प्रयोगशाळेत कॅडमियम, शिसं, निकेल, क्रोमियम असं नाव घेऊन सांगा, नेहमीच्या माती परीक्षणात ते येत नाही. अहवाल चांगला आला तर गाळ पुरता कुजवा, वखरून भेगा बुजवा, मग टाका. विहिरीला धातूंच्या आधी गाळातल्या नत्रापासून झालेलं नायट्रेट गाठतं, ते मातीत अडकत नाही. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. गाळ टाकण्याआधी एकदा आणि दिवाळीच्या सुमारास एकदा पाणी तपासून घ्या.